दुर्बिणीचं चाक

आमच्या घरात चष्मा हा शब्द हळू आवाजात बोलायचा शब्द होता. दारू, कोर्ट आणि चष्मा. पहिल्या दोन गोष्टी निदान आमच्या घरात नव्हत्या. तिसरी मात्र माझ्या रूपानं घरात वावरत होती आणि ती आहे हे कुणाला कळू नये, अशी आईची ताकीद होती.

माण गावातलं आमचं घर तेव्हा अर्धं घर आणि अर्धी चाळ होऊन बसलं होतं. रानाचा एक तुकडा आयटी कंपन्यांच्या पार्कात गेला, त्या पैशावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घराच्या डोक्यावर खोल्या चढवल्या आणि त्या नोकरीवाल्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या. खाली गोठ्यात म्हशीची साखळी वाजायची, वर कुणाचा तरी मोबाइल भल्या सकाळी नाचत्या सुरात ओरडायचा, आणि दोन्हींच्या मधे चुलीपाशी आईच्या भाकरीची थाप. वर जायला बाहेरून लोखंडी जिना होता. त्यावर पाऊल पडलं की भाकरीवरची नजर न काढता आई सांगायची, "जळगावचा आला. टाच घासतोय." किंवा, "आज कोल्हापूरवालीच्या पोटात दुखतंय, बघ कशी चढतीया." आम्हाला याची गंमत वाटायची. तिचे कान तिखट आहेत, एवढंच आम्ही समजून होतो.

गावात मात्र आईचं नाव चांगलं नव्हतं. "तुजी आई रस्त्यानं चालली की कुणाला वळख दावत न्हाई, लई गुर्मी हाय," असं मला गल्लीतल्या बाया तोंडावर ऐकवायच्या. आणि हीच आई कधी कधी अगदी परक्या माणसालाही "काय, बरं हाय का समदं?" असं विचारून मोकळी व्हायची. वीजबिलाचं रीडिंग घ्यायला आलेल्या पोराला तिनं एकदा त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी केली होती. नानांचा ठेवणीतला विनोद याहून भारी होता. लग्न होऊन आली त्या वर्षी आईनं बांधावर उभ्या असलेल्या बुजगावण्याला सासऱ्यांच्या वयाचं कुणी समजून डोक्यावर पदर घेतला होता आणि बाजूला होऊन वाट दिली होती. पाहुणे आले की नाना हे रंगवून सांगायचे. आईसुद्धा हसायची. आता वाटतं, ती हसायची ती इतरांच्या थोडी आधीच.

माझं प्रकरण शाळेत उघड झालं. मी बुटकी, त्यामुळे पहिला बाक आपसूक मिळालेला. फळ्यावरचं दिसायचं नाही, पण शेजारणीच्या वहीतलं दिसायचं. झाडाला सुटी सुटी पानं लांबूनसुद्धा दिसतात, तारेवरच्या चिमणीला चोच असते, हे मला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांना झाड म्हणजे हिरवा ढीग दिसतो, असं मी धरून चालले होते. मग एकदा शाळेत डोळे तपासायला माणूस आला. रांगेत पुढच्या पोरी मोठ्यानं अक्षरं वाचत होत्या, ती मी पाठ करून टाकली. माझी पाळी आली आणि त्यानं पट्टी उचलायच्या आतच मी वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. सगळी रांग हसली. त्यानं तक्ता उलटा केला आणि परत विचारलं. मी गप्प. 

बाईंनी आईला बोलावून सांगितलं. घरी आल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात घेतलं, दार लोटलं आणि खिडकीतून बाहेर बोट करून विचारलं, "त्या शेवग्याच्या शेंगा दिसत्यात का हितनं?"

"शेंगा? झाड दिसतंय," मी म्हटलं.

आईनं खिडकी लोटून घेतली. मग म्हणाली, "बरं. कुटं बोलायचं न्हाई. तुज्या ताईचं जमूंदे, मग करू चष्मा. आत्ता कळलं तर म्हणतील, घराण्यात डोळ्याचा दोष हाय. तिला कोण करील मग?"

ताई म्हणजे माझी मोठी बहीण सुनीता. दिसायला चांगली, हाताला चव, बारावी झालेली. तिच्यासाठी शेजारच्या चांदे गावचं स्थळ चाललं होतं. मुलगा कंपनीत सुपरवायझर, घरचं रान, आणि मुख्य म्हणजे ताईला तो आवडला होता. हे तिनं मला अंथरुणात तोंडावर गोधडी ओढून सांगितलं होतं. त्यामुळे गप्प बसणं मला जड गेलं नाही. शाळेत मी आंधळी कोशिंबीर खेळल्यागत दिवस काढत होते आणि त्या बदल्यात ताईला तिच्या मनातलं घर मिळणार होतं. हा सौदा मला पटलेला होता.

वर्षाताई आमच्याकडे भाड्यानं आली ती याच काळात. अमरावतीकडची, कंपनीत कसल्या तरी प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करायची. बोलायची चार माणसांसारखं, पण घाईत किंवा रागात आली की तिची वऱ्हाडी बाहेर पडायची. हुलग्याची शेंगोळी तिनं आमच्याकडे पहिल्यांदा खाल्ली आणि तेव्हापासून आईच्या चुलीपाशी तिचा पाट ठरलेला. तिच्याकडे एक काळी दुर्बीण होती. रविवारी सकाळी ती स्कूटीवरून कासारसाईच्या धरणावर पक्षी बघायला जायची. एकट्या बाईला दुर्बीण घेऊन उभं राहिलेलं बघितलं की धरणावर चार माणसं चौकशीला जमतात. म्हणून तिला सोबतीला कुणीतरी गावचं हवं होतं. ती आईला म्हणाली, "काकू, वैशालीले नेऊ का सोबत?" आईनं माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायला कारण काय सांगणार? "जाऊंदे की," म्हणाली.

जायच्या आधी गच्चीवर वर्षाताईनं दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. मधलं चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. मी समोरच्या बाभळीकडे लावली. धूसर. चाक फिरवत गेले, फिरवत गेले, आणि एका जागी बाभळीला एकदम काटे आले. काट्यांमागे पानं आली, प्रत्येक पान वेगळं. त्यांत एक बुलबुल बसला होता. त्याच्या शेपटीखाली लाल रंग होता, डोक्यावर तुरा होता आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका होता. मला रडूच यायला लागलं. वर्षाताई म्हणाली, "दिसला का?" मी म्हटलं, "दिसला." त्या सगळ्या काळात या प्रश्नाला मी दिलेलं तेवढं एकच खरं उत्तर.

कारण धरणावर गणित वेगळं होतं. तिथे वर्षाताईच्या कंपनीतली आणखी दोघंतिघं यायची आणि दुर्बीण या हातातून त्या हातात फिरायची. पक्षी बघायची रीत अशी, की आधी उघड्या डोळ्यांनी पक्षी हेरायचा. मग नजर त्याच्यावरून जराही न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधायला गेलात की पक्षी हरवला. वर्षाताईनं हे मला पहिल्याच दिवशी घोटून शिकवलं. पण ज्याच्यावर नजर ठेवायची तोच दिसत नसेल तर? "त्या दगडाच्या डावीकडे, पाण्याच्या काठाला, दिसला का?" "दिसला," मी म्हणायची. ते ज्या दिशेला बघत त्या दिशेला मीही बघायची आणि इतरांनी "आहाहा" केलं की मीही करायची. मग दुर्बीण हातात आली की घाईघाईनं चाक फिरवायचं, पाणी न् दगड चाचपत जायचं, आणि नशीब असेल तर पक्षी सापडायचा. बहुतेक वेळा सापडायच्या आत पुढच्याला द्यावी लागायची.

या धडपडीत एक गोष्ट माझी मलाच शिकता आली. पक्ष्याचा रंग दिसला नाही तरी तो हलतो कसा ते दिसतं. धोबी पक्षी उडतो तो खालीवर, खालीवर, कुणीतरी दोरी हलवल्यासारखा. खंड्या जातो सरळ, कामाला निघाल्यासारखा. तुतवार बसल्या जागी मागचा भाग हलवत राहतो, त्याला स्वस्थता नाही. आणि आवाज तर होतेच. टिटवी कुठे आहे, ती आपल्यावर ओरडतेय की कुत्र्यावर, हे मला त्या सगळ्यांच्या आधी कळायचं. वेडा राघू तारेवर येऊन बसायच्या आधीच मी म्हणायची, "येतोय." वर्षाताईला याचं फार कौतुक. कंपनीतल्या मंडळींना ती सांगायची, "हिचे कान बघा. आपण वर्षभर पुस्तकं चाळून राहिलो, अन् ही डोळे मिटून सांगते." डोळे मिटून. मी लाजून हसायची. लाज खरी होती, कारण मात्र त्यांना वाटायचं ते नव्हतं.

आता इतक्या वर्षांनी माझी लेक शाळेच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून म्हणाली, "मॅम, मला फळा दिसत नाही," आणि संध्याकाळी मैत्रिणींना फोन करून चष्म्याला कुठल्या रंगाची काडी घेऊ म्हणून विचारत बसली. मी तिच्याकडे बघत राहिले. इतकं सोपं होतं ते?

थंडीतला एक रविवार होता. धरणाचं पाणी उतरून काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. अशा पट्ट्यावर पाहुणे पक्षी उतरतात, म्हणून सगळे खुशीत होते. त्या दिवशी कंपनीतले एक नवे गृहस्थ आले होते, आणि वर्षाताईनं माझी ओळख करून देताना जरा जास्तच तारीफ केली. ते म्हणाले, "मग आज आम्हाला हीच दाखवेल." सगळे थांबले. खरंच थांबले, माझ्याकडे तोंड करून. पाण्यात दूरवर काहीतरी उंच, राखाडी, मान थोडी वाकलेली, न हलणारं उभं होतं. आवाज नाही, हालचाल नाही. न हलता पाण्यात तासन् तास उभा राहणारा पक्षी मला माहीत होता. मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "राखी बगळा."

त्या गृहस्थांनी दुर्बीण लावली आणि फसकन हसले. मासे धरणाऱ्यांनी रोवलेल्या काठीवर युरियाचं रिकामं पोतं अडकलं होतं. "युरियाचा बगळा!" कुणीतरी म्हणालं, आणि मग ते दिवसभर चाललं. लोक वाईट नव्हते. पोरीची गंमत झाली असं समजून हसत होते, आणि मीही हसत होते, सगळ्यांच्या थोडी आधी. मला तेव्हा बुजगावणं आठवलं नाही. आठवायला हवं होतं.

वर्षाताई हसली नाही. तिनं माझ्या हातातून दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली, काढली, चाकाकडे बघितलं. मला बाजूला नेऊन हळूच म्हणाली, "मी कधीची विचार करून राहिली, की ही दुर्बीण तुझ्या हातून आली की चाक सरकून दर वेळी तेवढीच का बिघडते. दर वेळी तेवढीच, त्याच बाजूला. वैशाली, तुले दूरचं दिसत नाही ना?"

मी पायाकडे बघत राहिले. पाय मला चांगले दिसत होते.

"घरी माहीत आहे?"

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं. "ताईचं मोडंल."

तिला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा चिडली, म्हणाली, "कोणाच्या लग्नासाठी कोणी आंधळं राहते काय?" पण सांगणार नाही असं कबूल झाली. तिची त्या दिवशी दुपारची पाळी होती, म्हणून तिनं मला फाट्यावर सोडलं आणि ती तशीच कंपनीत गेली. तिथून घर चालत जवळ.

फाट्यावर चहाची टपरी होती. मी पोत्याचा अपमान डोक्यात घोळवत चालले होते. टपरीपाशी पांढरं काहीतरी उभं होतं. म्हणजे माणूस असणार, आणि टपरीपाशी माणूस असायचाच. इतक्यात वरच्या तारेवर कोतवाल पक्ष्यानं शीळ घातली. मी मान वर केली आणि तशीच, वर बघत, त्या पांढऱ्याच्या हातभर अंतरावरून निघून गेले.

ते चांद्याचे आप्पा होते. ताईचे होऊ घातलेले सासरे.

त्यांनी मला ओळखलं होतं, हात वर केला होता, चहाचा कप खाली ठेवून दोन पावलं पुढेही आले होते. आमच्याकडे होणाऱ्या सोयऱ्याला वाटेत बघून पोरीनं थांबायचं, पाया पडायचं, "घरी चला, चहा घ्या" म्हणायचं. त्यांनी मोठ्यानं हाक मारली असती तर मी आवाजावरून ओळखलं असतं. पण मोठा माणूस लहानाला रस्त्यात हाक मारत नसतो. तो नुसता हसून उभा राहतो आणि समोरचं पाया पडायची वाट बघतो.

निरोप मामानं आणला. मामानंच हे स्थळ आणलेलं. तो ओट्यावर टेकला, पाणीसुद्धा घेतलं नाही. "आप्पा लई नाराज हायेत, दाजी. म्हणत्यात, जमीन इकली, खोल्या बांधल्या, आता ह्यास्नी माणसं दिसंनात व्हय? धाकटी अशी मान वर करून गेली म्हणं. थोरली बी त्याच वळणाची निघाली तर?"

नाना माझ्याकडे वळले. "पाहिलं न्हाईस त्यास्नी?"

खरं सांगितलं तर डोळ्यांचा दोष. खोटं सांगितलं तर पैशाचा माज. मी आईकडे बघितलं. आई शेंगोळ्यांचं पीठ मळत होती आणि मळतच राहिली. शेवटी मी म्हटलं, "मी पाखराकडं बघत हुते."

"पाखराकडं!" ताई आतून ओरडली. "पाखरं दिसत्यात तुला. माणसं न्हाई दिसत." तिला माझ्या डोळ्यांचं माहीत होतं. पण मी रविवारी धरणावर जाऊन पक्षी बघून येते हेही तिला माहीत होतं, मग तिनं काय समजायचं? मी तिला काहीच समजावू शकले नाही.

ठरलं असं, की आप्पांना घरी बोलवायचं आणि मी सगळ्यांदेखत पाया पडून माफी मागायची. घर सारवल्यासारखं लख्ख केलं. आईनं गुळाचा शिरा केला, त्यात वेलदोडा जरा जास्त पडला, तो वास मला अजून सोसत नाही. जीप आली. बैठकीच्या खोलीत पुरुष माणसं बसली, आप्पांची बायको आईपाशी खाली सतरंजीवर. मी दारात उभी.

"वैशे, ये. आप्पांच्या पाया पड," नाना म्हणाले.

दारातून मला दिसलं ते असं: भिंतीला दिवाण, दिवाणावर तीन पांढरे कपडे, तीन पांढऱ्या टोप्या. तिघांपैकी एक बोलेल तर बरं, म्हणून मी क्षणभर थांबले. पण माफी मागायला आलेल्या पोरीपुढे कोण बोलणार? सगळे मुद्दाम गप्प होते. मधे बसलेला तोच मोठा माणूस, असं धरून मी मधल्याकडे गेले आणि वाकले. जवळ गेल्यावर दिसली ती धोतराच्या जागी पँटची दुमड. मी जीपच्या ड्रायव्हरच्या पाया पडले होते. त्यानं बिचाऱ्यानं पाय चटकन मागे ओढून घेतले.

कडेला बसलेले आप्पा उठले. आवाज न चढवता म्हणाले, "नाना, हे आमाला घरी बोलावून कराचं हुतं व्हय?"

नानांचं तोंड उघडं राहिलं. मामानं डोक्याला हात लावला.  आतल्या दारामागे ताईच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

आणि आई सतरंजीवरून उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "पोर मगरूर न्हाई. तिला लांबचं दिसत न्हाई. त्या दिशी तुमी दिसला न्हाई, आन आत्ता बी दिसला न्हाई."

 एवढ्यावर ती बसली असती तरी चाललं असतं. पण ती तशीच उभी राहिली.

"आन मला बी दिसत न्हाई. ह्या घरात आले तवापासनं न्हाई दिसत. ह्यास्नी सुदिक म्हाईत न्हाई. आत्ता तुमच्या तोंडावर राग हाय का काय हाय, मला हितनं कळंना. काय बोलायचं ते पोरीला नगा बोलू, मला बोला."

मी नानांकडे बघितलं. मी त्यांच्यापासून जवळच होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला. बुजगावण्याचा विनोद त्यांनी त्यानंतर पुन्हा कधी सांगितला नाही.

आप्पा वाईट माणूस नव्हते. परत खाली बसले. कप हातात घेतला, न पिता ठेवला. मग त्यांच्या बायकोनं आईला विचारलं, "आन थोरलीचं?"

ताईला बाहेर बोलावलं. समोरच्या भिंतीला दिनदर्शिका टांगलेली होती. त्या बाई म्हणाल्या, "वाच बरं, हितनंच." ताईनं महिना वाचला. "बारीक वाच," त्या म्हणाल्या. ताईनं तिथी वाचल्या, सण वाचले, खालच्या कोपऱ्यातली छापखान्याची ओळसुद्धा वाचली. तिचा आवाज एका लयीत चालला होता आणि गालावरून पाणी ओघळत होतं. कुणीही तिला "पुरे" म्हणालं नाही. ताईचे डोळे घरात सगळ्यांत चांगले होते. आजही आहेत.

"कळवतो," म्हणून ते गेले. शिरा ताटल्यांत तसाच राहिला. त्यांनी कळवलं नाही, आणि न कळवणं म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

ताईचं पुढे लग्न झालं, चांगलं झालं, तिची मुलं माझ्याकडे सुट्टीला येतात. पण दुकानात, बँकेत कुणी तिच्यासमोर कागद धरून "हे वाचा" म्हणालं की ती कागद दुसऱ्याकडे सरकवते. ती का सरकवते ते मला ठाऊक आहे, आणि मी दुसरीकडे बघते.

त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. ताई माझ्या शेजारी झोपायची ती भिंतीकडे तोंड करून. नाना जेवताना आईच्या ताटाकडे बघत बसायचे, काहीतरी विचारायचं असल्यासारखे, आणि विचारायचे नाहीत. शेवटी एकदा त्यांनी मीठ मागितलं. आईनं मिठाचं भांडं पुढं केलं तेव्हा म्हणाले, "मला तरी सांगायचं हुतंस." आई म्हणाली, "तुमी समद्यास्नी हसवत हुता. मधीच कसं सांगू?"

वर्षाताईला मी सगळं सांगितलं. ती चिंचवडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघींना घेऊन जाते म्हणाली. मला वाटलं आई नको म्हणेल. आई म्हणाली, "जाऊ. पर आदी ते डोळ्याला लावायचं मला दावशील का? पोर रडत आली हुती पयल्या दिवशी गच्चीवरनं. मी ऐकलं हुतं."

रविवारी वर्षाताईनं दुर्बीण माझ्याकडे दिली आणि स्वतः आली नाही. आई आणि मी सहा आसनी रिक्षानं गेलो, धरणाच्या भिंतीवर जाऊन बसलो. वारा होता. आईनं पदर कमरेला खोचला, दुर्बिणीचा पट्टा गळ्यात घालून घेतला, आणि मी चाक दाखवल्यावर ते हळूहळू फिरवू लागली, जात्याचा खुंटा धरावा तशा पक्क्या बोटांनी. मला तिला शेकाट्या पक्षी दाखवायचे होते, लाल लांब पायांचे. सांगायला लागले, तर तिनं हातानं गप्प केलं. तिची दुर्बीण पाण्यावर नव्हतीच. पलीकडच्या काठाला बाया धुणं धूत होत्या, तिकडे होती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ती हिरव्या लुगड्याची हसतीया. दात दिसत्यात गं तिचं."

दुर्बीण तिनं तिथून हलवली नाही.

"आपल्या गावातल्या बाया बी अशाच हसत असतील की माज्याकडं बघून, वाटंत. आन मी तशीच म्होरं."

तिनं पट्टा डोक्यावरून काढला, डोळे पदरानं पुसले आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यांना लावली. सवयीनं बोट चाकावर गेलं. इतके महिने कुणाच्याही हातून आली तरी मला ते चाक लांबवर फिरवावं लागायचं, आणि माझ्या हातून गेली की लोक कुरकुरायचे. बोट चाकावर तसंच राहिलं. समोर हिरव्या लुगड्याची बाई पिळा झटकत होती. तिच्या हातावरचं गोंदण दिसत होतं, उडालेल्या पाण्याचे थेंब दिसत होते, आणि आईनं ठेवलेलं चाक मी केसभरही हलवलेलं नव्हतं.

"दिसतंय का?" आईनं विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं.